एका इंजिनाला एकच कपाट

वर्गीकरणात माझा हात धरेल असा माणूस या पंचक्रोशीत नाही! बढाई मारत नाही, बावीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात हेच काम करतोय. एकतीस हजार पुस्तकं आहेत आमच्याकडे. वीज गेलेली असताना येऊन मधमाश्यांवरचं पुस्तक मागा, अंधारात हात घालून काढून देईन. एकदा तसं मागितलंही होतं कुणीतरी, आणि मी दिलेलं पुस्तक विहिरींवरचं निघालं, पण ती चूक परत ठेवणाऱ्याची होती.

घरी मात्र या गुणाचं चीज नाही. मागे एकदा मी स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले होते. काय दिसत होती ती फळी! त्यात साखरेचा आणि मिठाचा डबा एकाच उंचीचा निघाला, याला मी काय करणार? दोन दिवस घरात खारट चहा झाला. तेव्हापासून बायकोने मला स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायची परवानगी दिली आहे.

तर त्या आठवड्यात ग्रंथालयाला रंग द्यायला घेतला आणि मला सक्तीची सुट्टी मिळाली. नेमकं तेव्हाच माझ्या मेहुण्यांना, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला, एक क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासून आणायला परगावी जावं लागलं. मेहुण्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. एकटेच काम करतात, पण नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतात. मला मात्र ते कधी स्क्रूड्रायव्हरसुद्धा धरू देत नाहीत. एकदा धरला होता तर म्हणाले, "भावजी, सही करायची नाहीये." ते मला लागलं होतं. खरं सांगायचं तर चांगलंच लागलं होतं.

"भावजी," जाताना किल्ली हातात ठेवत ते म्हणाले, "गुरुवारी दुपारी येतो. तोवर नुसतं बसायचं. फोन घ्यायचा, संध्याकाळी कुलूप लावायचं. कशालाही हात लावायचा नाही."

"कशालाही म्हणजे नेमकं कशाला?"

"कशालाही म्हणजे कशालाही!"

घरी हे सांगितलं तर बायको पोळपाट सोडून उभीच राहिली. "दादाने तुम्हाला किल्ली दिली? बरा आहे ना तो?"

ती त्याच गॅरेजमध्ये लहानाची मोठी झाली. इतर मुली भातुकली खेळायच्या, त्या वयात ही स्पार्क प्लग पुसायची. त्यामुळे तिचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. म्हणजे घ्यायला हवं होतं.

सोमवारी सकाळी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. फोन वाजेना. अर्धा तास झाला, तासभर झाला. शेवटी म्हटलं, आत नुसती नजर तरी टाकावी. नजर टाकायला कुठे हात लागतात?

आणि काय पाहिलं मी! जमिनीवर तीन इंजिनं पोटं फाडून पडलेली. एका बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यात व्हॉल्व, म्हणजे इंजिनाच्या झडपा, खोचलेले, भोकांशेजारी पेन्सिलीने गिचमीड आकडे. बोल्ट कान तुटलेल्या कपांत, दुधाच्या डब्यांत, एका फुटक्या साबणदाणीत. जमिनीवर खडूने बाण, गोल, फुल्या. माझ्या मनाला फार यातना झाल्या हो! एवढा मोठा कारागीर आणि त्याला साधं वर्गीकरण शिकवणारं कुणी भेटू नये?

ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडेच असते. रंगाऱ्यांच्या शिडीखालून वाट काढत गेलो आणि मोटारींवरचं जाडजूड पुस्तक घेऊन आलो. पाचवं प्रकरण उघडलं आणि डोळे भरून आले. इंजिनांचंही वर्गीकरण असतं! आणि ते रचनेनुसार असतं! सिलिंडर एका रांगेत उभे असले तर सरळ इंजिन. दोन रांगा तिरक्या होऊन खाली एकत्र आल्या तर व्ही आकाराचं. सिलिंडर आडवे पडून एकमेकांकडे पाय करून झोपले तर सपाट. मग थंड कसं होतं, वाऱ्याने की पाण्याने? पेटतं कसं, ठिणगीने की नुसत्या दाबाने? फेरा दोन धावांचा की चार? झडपा कुठे, बाजूला की डोक्यावर? एवढी वर्षं मी मोटारींना गोंगाट समजत होतो. त्या तर माझ्याच बिरादरीतल्या निघाल्या!

पुस्तक हातात धरून मी तिन्ही इंजिनांभोवती फिरलो. पाव पोचवणाऱ्या व्हॅनचं ते सरळ, चार सिलिंडरचं, डिझेलवरचं. एका मोठ्या गाडीचं ते व्ही, सहा सिलिंडरचं. आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या जुन्या गाडीचं ते सपाट, वाऱ्यावर थंड होणारं. तिन्ही बरोबर ओळखली! शेजारून एक कुत्रं जात होतं, त्यालाही मी सांगितलं.

पण मग अडचण आली. आमच्या धंद्यात एक नियम आहे, एका पुस्तकाला एकच जागा. पुस्तक एकाच वेळी दोन कपाटांत ठेवता येत नाही. इथे मात्र पाववाल्याचं एकच इंजिन सरळही होतं, डिझेलही होतं, पाण्याने थंड होणारंही होतं, चार धावांचंही होतं. ठेवू कुठल्या कपाटात? दिवसभर बाकावर बसून डोकं खाजवलं. संध्याकाळी कुलूप लावताना एकदम प्रकाश पडला. पुस्तकाची पानं फाडता येत नाहीत, पण ही इंजिनं तर आधीच सुटी झालेली आहेत! मग थंडाव्याचं सामान थंडाव्याच्या कपाटात, झडपांचं झडपांच्या, पेटण्याचं पेटण्याच्या. प्रत्येक भाग आपापल्या वर्गात. हे त्या पुस्तक लिहिणाऱ्यालाही सुचलं नव्हतं! न सुचण्याचं कारण काय असेल, हा विचार मात्र मला शिवला नाही.

मंगळवारी बाह्या सरसावल्या. तिन्ही इंजिनांचे मिळून अठ्ठावीस व्हॉल्व त्या भिकार खोक्यातून उपटले, रॉकेलमध्ये बुडवले, भांडी घासायच्या पावडरीने लख्ख केले आणि लांबीनुसार फळीवर मांडले. सगळ्या स्प्रिंगा एका ओळीत. सगळे बोल्ट एकत्र करून लहानापासून मोठ्यापर्यंत. कप, डबे, साबणदाणी आणि भोकांचं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं. जमिनीवरचा खडू पाणी मारून, खराटा घेऊन असा धुतला की त्या फरशीचा मूळ रंग तांबडा आहे हे मेहुण्यांनाही पहिल्यांदाच कळलं असतं.

फक्त एका वस्तूने मला छळलं. नखाएवढे अर्धगोल लोखंडी तुकडे, पुष्कळ होते. ना बोल्ट, ना स्प्रिंग, ना झडप. पुस्तकात चित्र सापडेना. बाकीच्यांना "संकीर्ण" म्हणून एका वाटीत घातलं आणि एक तुकडा पुढील विचारासाठी खिशात टाकला.

शेवटी कार्डं केली! दीडशे कार्डं, सुवाच्य अक्षरात. "व्हॉल्व, एकूण नग अठ्ठावीस. कपाट तीन, फळी दोन. पाहा: स्प्रिंगा." कार्डांचा खोका टेबलावर ठेवला आणि लांबून बघितला. मेहुणे आता मला काय म्हणतील, याचे तीनचार नमुने मी मनातल्या मनात ऐकले. प्रत्येकात ते शेवटी गहिवरत होते.

बुधवारी सकाळी बेकरीवाला आला, सायकल हातात धरून. मागे दोन, पुढे एक, दांड्याला दोन अशा रिकाम्या पाट्या लटकलेल्या. माणूस घामाने निथळत होता.

"व्हॅन कुठवर आली?"

"उत्तम! सगळं वर्गवार लागलंय."

"म्हणजे झाली?"

"होत आलीच. तुमचं इंजिन सरळ आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"सरळ असू दे नाहीतर वाकडं असू दे साहेब, शनिवारी पहाटे चाललं पाहिजे." त्याने कपाळ पुसलं. "वसतिगृहाचं काम मिळालंय. रोज चारशे पाव. त्यासाठी दुसरी भट्टी बांधली. सकाळी सहाला दारात पाव हवेत, पहिल्या दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी येऊ नका असं स्पष्ट सांगितलंय त्यांनी. तीन आठवडे आम्ही नवराबायको दोन सायकलींवर पाव वाटतोय. तिचे गुडघे गेलेत हो."

मी छाती पुढे काढली. "शनिवार कशाला? शुक्रवारीच घेऊन जा! माझा शब्द!"

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. एवढ्या विश्वासाने आजवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

दुपारी मेहुण्यांचा फोन आला. "भावजी, सगळं जागेवर आहे ना?"

"प्रत्येक गोष्ट आपल्या योग्य जागेवर आहे!"

"शाबास. त्या पाववाल्याचे व्हॉल्व दोन दिवस घासून बसवलेत मी. आलो की फक्त जोडायचंय."

"या तर खरं! ओळखणार नाही तुम्ही गॅरेज!"

"भावजी," मेहुणे हळूच म्हणाले, "ओळखणार नाही म्हणजे?"

"या म्हणजे कळेल!" असं म्हणून मी लाडिकपणे फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी मेहुणे आले. खांद्यावर पोत्यात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट. दारातच थांबले. एकदा पाटी वाचली, गॅरेज आपलंच आहे याची खात्री केली, मग आत पाऊल टाकलं.

मी कार्डांचा खोका घेऊन पुढे झालो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चकचकीत फळ्यांसमोरून ते हळूहळू चालत गेले, तांबड्या फरशीकडे पाहिलं आणि क्रँकशाफ्ट खाली ठेवला.

"भावजी, एक नंबरचा व्हॉल्व कुठे आहे?"

"व्हॉल्व कपाट तीन, फळी दोन!"

"एक नंबरचा?"

"लांबीनुसार डावीकडून पहिला."

"कुठल्या इंजिनाचा?"

मी कार्ड चाळलं. कार्डावर ते नव्हतं. दीडशे कार्डांत कुठेही ते नव्हतं. कुठली वस्तू कुठल्या इंजिनाची, एवढीच एक गोष्ट लिहायची राहिली होती.

"सगळे एकत्रच आहेत," मी म्हणालो. "पण आकारावरून निवडता येतील की."

"इंजिन निवडता येईल. घर कसं निवडणार?" मेहुणे टायरवर मटकन बसले. "प्रत्येक व्हॉल्व इंजिनातल्या त्याच्याच घरात घासून बसवलेला असतो भावजी. एकाचा दुसऱ्यात घातला की फट राहते, दाब निसटतो. ते डिझेल आहे, दाब नाही तर पेटतच नाही. म्हणून खोक्यावर आकडे होते. खोकं कुठाय?"

"भंगारात."

"आणि बोल्ट?"

"लहानापासून मोठ्यापर्यंत..."

"दोन बोल्ट सारखे दिसले म्हणजे सारखे नसतात हो!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर हातपाय दोन्ही दाखवले होते! पण त्या वेळी मला मेहुण्यांची भीती वाटत नव्हती. डोळ्यांसमोर तो बेकरीवाला येत होता, पाट्या लटकवलेला, माझे हात हातात घेतलेला. आणि त्याच्या बायकोचे गुडघे, जे मी पाहिलेही नव्हते.

मेहुण्यांनी फक्त एक फोन केला. "छोटे, ये. हो, भावजींनीच. नाही, मीठ-साखरेपेक्षा मोठं आहे."

बायको वीस मिनिटांत हजर झाली. पदर खोचला, फळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाली, "पिस्टनच्या दांड्यांवर ठिपके मारले होतेस ना दादा?"

"पंचने मारलेत. एक, दोन, तीन, चार."

"मग ते वाचले. लोखंडातले ठिपके यांच्या पावडरीने जायचे नाहीत." मग माझ्याकडे वळून, "कानस नाही ना सापडली तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो. सापडली असती तर ठिपके डाग समजून काढले असते, हे मी सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

मग ठरलं. बाकीची दोन इंजिनं राहू द्या, आधी पाववाल्याचं. मेहुणे बोल्ट निवडून खालचं जोडकाम करणार, बायको हाताखाली. आणि आठही व्हॉल्व पहिल्यापासून घासून नव्याने घरात बसवायचे. ते कोण करणार? दोघांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

टोकाला रबरी टोपी असलेली एक काठी असते. टोपी व्हॉल्वला चिकटवायची, कडेला खरखरीत मलम लावायचं आणि काठी दोन तळव्यांत धरून रवीसारखी घुसळायची. उचलायचं, फिरवायचं, परत घुसळायचं. कडेवर सगळीकडून एकसारखी करडी पट्टी दिसेपर्यंत.

"दिसली पट्टी!" मी दहा मिनिटांनी ओरडलो.

मेहुण्यांनी वाकून पाहिलं. "अर्धी दिसतेय. घासा."

अर्ध्या तासाने, "आता?"

"पाऊण. घासा भावजी, सही करायची नाहीये."

गुरुवार संध्याकाळपर्यंत तीन झाले. शुक्रवारी सकाळी आठला परत बसलो, दुपारी आठवा संपला तेव्हा माझ्या तळव्यांना फोड आले होते आणि फोडांनाही फोड यायच्या बेतात होते. पण मेहुण्यांनी प्रत्येक घरावर रॉकेल ओतून पाहिलं आणि एकातूनही थेंब गळला नाही! "ठीक आहे," ते म्हणाले. बावीस वर्षांच्या नोकरीत मिळालेल्या दोन्ही प्रशस्तिपत्रांपेक्षा ते ठीक आहे मला मोठं वाटलं.

आता स्प्रिंगा चढवायच्या. स्प्रिंग दाबून धरायची आणि व्हॉल्वच्या मानेला दोन बाजूंनी दोन अर्धगोल तुकडे अडकवायचे. तेच ते नखाएवढे! त्यांना लॉक म्हणतात. एका व्हॉल्वला दोन, आठ व्हॉल्वना सोळा. बायको संकीर्णाच्या वाटीतून पाववाल्याच्या मापाचे निवडून देत होती. तेरा, चौदा, पंधरा.

"सोळावा?"

वाटी उपडी केली. नाही. टेबलाखाली बघितलं, फळ्या हलवल्या. मी दीडशे कार्डं चाळली. "संकीर्ण, नग अनेक" असं लिहिलं होतं. अनेक! मोजायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते मी. असला तुकडा गावात मिळत नाही, परगावहून मागवला तर सोमवार उजाडणार. आणि दारात सायकलची घंटा वाजली. बेकरीवाला.

"साहेब शुक्रवारी या म्हणाले होते!" तो हसत आत आला. सोबत बायकोही होती. भिंतीला हात टेकत, एक एक पाऊल टाकत येत होती.

मी उठलो आणि सरळ कबूल केलं. "काका, चूक माझी आहे. यांची नाही. एक छोटासा तुकडा माझ्या हातून हरवलाय. गाडी बहुतेक उद्या चालणार नाही."

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. त्याची बायको बाकावर बसली आणि गुडघा चोळू लागली. त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं, नुकतीच मी स्वतः धुतलेली जमीन.

"यातला एखादा खिशात घातला होता का?" माझ्या बायकोने विचारलं. प्रश्न मला होता.

"छे! आठवत तर नाही."

"मंगळवारी कुठली विजार होती तुमची?"

"करडी. का?"

तिने पर्स उघडली, सुट्या नाण्यांच्या कप्प्यात बोट घातलं आणि सोळावा लॉक मेहुण्यांच्या तळहातावर ठेवला. "बुधवारी ती धुऊन वाळली तेव्हा खिशात सापडला. म्हटलं, दादाच्या गॅरेजमधून यांनी काहीतरी आणलंय. मोठं असतं तर तेव्हाच विचारलं असतं. मग विसरले."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आमचा कळसा तर धुऊन, वाळवून पर्समध्ये ठेवलेला होता!

इंजिन गाडीत चढवून संध्याकाळी साडेसहाला मेहुण्यांनी किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं. मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा ते धरलं, आणि असं एकसारखं चालायला लागलं की बेकरीवाल्याची बायको बाकावरून उठली आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला रडू आलं. रॉकेलच्या वासाने आलं असं मी सांगितलं.

शनिवारी सकाळी पावणेसहाला चारशे पाव वसतिगृहाच्या दारात होते. मला कसं माहीत? मी पाट्या उतरवायला गेलो होतो. फोड आलेल्या हातांनी. फक्त उतरवायला, हे बेकरीवाल्याने आधीच बजावलं होतं. मांडायला नाही.

उरलेल्या दोन इंजिनांचे वीस व्हॉल्व मी पुढच्या चार रविवारी घासले. शेवटच्या रविवारी गॅरेजवर पोचलो तर बाहेरच्या बाकाच्या वर, भिंतीला खिळ्याने ठोकलेलं एक कार्ड होतं. माझ्याच कोऱ्या कार्डांतलं एक, अक्षर बायकोचं.

"भावजी. नग एक. रचना: सपाट, बहुतेक वेळ आडवी. इंधन: चहा, साखरेचा. थंड करण्याची पद्धत: बायकोने बोलून. धावा: चार, कामाची एक. जागा: बाहेरचा बाक. आत नेऊ नये. पाहा: छोटी."

मेहुणे आतून बघत होते. मी रागावेन असं त्यांना वाटलं असावं. मी खिशातून पेन्सिल काढली. कार्डावर वर्ग क्रमांकच घातलेला नव्हता हो! असं कसं चालेल? तेवढा घातला आणि आपल्या जागेवर जाऊन बसलो.